हौसाबाईंचं पिवळं बेलवांगं

टोमॅटोच्या रोपाला हात लावला की बोटांना एक हिरवा, उग्र वास चिकटतो. तो लगेच जात नाही. पहिल्यांदा हात धुतले की पाणी पिवळं होतं, दुसऱ्यांदा जरा कमी पिवळं, आणि तरीही पुसलेल्या टॉवेलवर डाग राहतोच. आमची ही त्या डागांवरून दर हिवाळ्यात बोलायची. ती जाऊन चार वर्षं झाली. आता टॉवेलाबद्दल कुणी काही म्हणत नाही, आणि तो मीच धुतो.

भात निघालं आहे. खाचरांत धसकटं उरलीत, त्यांवर सकाळी दव असतं आणि बगळे रेंगाळतात. मुठा खोऱ्यात या दिवसांत नऊ वाजेपर्यंत धुकं नदी सोडत नाही. घरामागे वाफ्यात टोमॅटोची रोपं चार बोटं उंच झालीत. वाफा केला अश्विनीने, माझ्या सुनेने. मी फक्त बसून बी टाकलं. शहात्तरावं वर्ष चालू आहे. खाली बसणं जमतं. उठताना कुदळीचा दांडा शोधावा लागतो. पूर्वी या रोपांकडे बघून मला हुरूप यायचा. आता बघतो आणि वाटतं, पुन्हा लागवड, पुन्हा काठ्या, पुन्हा बांधणी. तरी दरवर्षी करतो. का करतो, ते सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे.

अश्विनी या टोमॅटोचं बी लहान पाकिटांत भरून मारुंजीच्या सोसायट्यांमध्ये पाठवते. तिथली माणसं गॅलरीत कुंड्यांत लावतात आणि पहिलं फळ धरलं की तिला फोटो पाठवतात. गेल्या आठवड्यात ती पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा कागद घेऊन आली.

"बाबा, वाणाबद्दल दोन ओळी हव्यात. मागच्याच टाकू का? 'आमच्या पणजीच्या हातचं, चार पिढ्यांचं बियाणं'?"

"थांब जरा."

"छापणारा दुपारी मागतोय."

"मागू दे त्याला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी असा तोडून बोलत नाही. मग ती कागद माझ्या खाटेवर ठेवून गेली. मी मास्तर होतो. चाळीस वर्षं मुलांकडून 'एका वाक्यात उत्तरे लिहा' करून घेतलं. आता मला दोन ओळी मिळाल्या होत्या आणि त्या पुरत नव्हत्या.

चिठ्ठीतली ही पणजी म्हणजे माझी आई, आणि तिने जन्मात टोमॅटो चिरला नाही. त्या काळी आमच्याकडे त्याला बेलवांगं म्हणायचे, आणि त्याचा लाल रस आईला मांसासारखा वाटायचा. बेलवांगं घरात आलं तर ती चुलीपासून उठून जायची. चार पिढ्या सोडा, आमच्या घरात त्याची एक पिढीही धड झाली नव्हती. ते बी हौसाबाईंचं. बौद्धवस्तीतल्या हौसाबाईंचं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तो हिवाळा अजून अंगावर येतो. मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त मास्तराला असतो तसा सगळ्या गोष्टी नीट करून दाखवण्याचा उत्साह होता. बाजारातून संकरित बी आणलं, ओळी दोरी लावून आखल्या, बांबू पुरले. पौषात चार दिवस आभाळ राहिलं, धुकं दुपारपर्यंत बसलं आणि करपा आला. पानं कडेने तपकिरी झाली, मग काळी, मग कुणी पलिता फिरवावा तशी उभी ओळच्या ओळ गेली. आठ दिवसांत माझ्याकडे बांबू आणि दोऱ्या उरल्या. त्या कुजकट वासात मी सकाळी उभा राहायचो आणि हिशोबाच्या चुकीसारखी चूक शोधायचो.

त्याच आठवड्यात वस्तीवरून जाताना हातपंपाच्या सांडपाण्यावर हौसाबाईंची रोपं पाहिली. ना ओळ, ना बांबू. तुरीच्या काटक्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेलं झुडूप नुसतं. काही पानं त्यांचीही गेली होती. पण झुडूप उभं होतं आणि फळांनी वाकलं होतं. फळंही एकसारखी नाहीत. भोपळ्यासारख्या फाका असलेली तांबडी, चपटी गुलाबी, खांद्यावर हिरवी राहिलेली, विटकरी काळपट. आणि मध्येच पिवळी. कोंबडीच्या अंड्याएवढी, खाली बारीक टोक असलेली, साल इतकी पातळ की आतल्या बिया उन्हात दिसाव्यात.

"गुरुजी, वाट चुकलात काय?" त्या दारातून म्हणाल्या.

मी करप्याचं सांगितलं.

"आन् म्हून आमच्याकडं," म्हणून हसल्या. आत जाऊन कोनाड्यातली खोकल्याच्या औषधाची बाटली आणली. बाटलीत राख आणि राखेत बी. माझ्या ओंजळीत त्यांनी ते हलवून हलवून पाडलं. "यात समदी भावंडं येकत्र हायेत. निवडू नका. कुणी दव सोसतं, कुणी ऊन. येक गेलं तर दुसरं ऱ्हातं."

"तुझ्याकडे काही उरलं का?"

"बी मागाया आलेल्याला न्हाई म्हनायचं नसतंय. फकस्त दिवा लागायच्या आत मागायचं. तुमाला काय सांगायचं, तुमच्यातबी ह्ये हायेच की."

होतं. बी, मीठ आणि विरजण दिवेलागणीनंतर घराबाहेर जात नाही, हे आमच्या आईनेही आयुष्यभर पाळलं. लक्ष्मी जाते म्हणायची. याबाबतीत वस्तीत आणि आमच्या आळीत काही फरक नव्हता. बाकी होता. हौसाबाई भातलावणीला आमच्याकडे यायच्या तेव्हा त्यांचा चहाचा कप वेगळा असायचा, कान तुटलेला, बाहेरच्या फडताळात पालथा घातलेला. तो कप कुणी वेगळा ठेवला हे मला सांगता येणार नाही. पण मी तो उचलून कधी आत आणून ठेवला नाही, हे सांगता येतं. त्या दिवशी बी दिल्यावर त्या म्हणाल्या, "च्या ठिवते, बसा." मी म्हणालो, "आत्ताच घेऊन आलोय." घेऊन आलो नव्हतो.

आणि हे लिहिताना मी 'त्या' म्हणतोय. समोर असताना 'अगं हौसा' म्हणायचो. त्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या.

पुढचे हिवाळे सुखाचे गेले असंच म्हणावं लागेल. बी धरण्याची रीत त्यांनीच सांगितली होती. दुसऱ्या घोसातलं एक फळ झाडावरच ठेवायचं आणि त्याला चिंधी बांधायची, म्हणजे भाजीला कुणी तोडत नाही. ते अगदी मऊ पडलं की कुस्करून गाडग्यात तीन दिवस ठेवायचं. वर बुळबुळीत साय येते आणि आंबूस वास सगळ्या पडवीत भरतो. आमची ही पदर नाकाला लावून जायची. "गाडगं गोठ्यात तरी ठेवा, पाहुणे आले तर काय म्हणतील?" चौथ्या दिवशी पाणी ओतलं की पोकळ बिया तरंगून जातात, भरलेल्या तळाशी बसतात. त्या धुऊन, राखेत चोळून, सावलीत धोतराच्या फडक्यावर पसरायच्या. हाताला लव लागावी तशा त्या लागतात. मला ते काम फार आवडायचं. एखादं पोर वाचायला लागतं त्या दिवशी जसं वाटायचं, जवळपास तसं.

इथेच मी मास्तरकी केली. मला ती भावंडं सोसेनात. एका ओळीत पाच प्रकारची फळं म्हणजे मला गोंधळ वाटायचा. मी वही केली. मोठं, तांबडं, फाकांचं फळ पहिल्या नंबरचं ठरवलं आणि चिंधी फक्त त्यालाच बांधायला लागलो. काळपट फळाचं झाड पहिल्या वर्षी काढलं, गुलाबी दुसऱ्या. पिवळं दोन वर्षं राहिलं, कारण हिला ते आवडायचं. निखाऱ्यावर भाजून, मिरची-लसणाबरोबर ठेचून ती भाकरीशी खायची. पण पिवळं फळ टिकत नसे, वाहतुकीत फुटायचं, आणि वहीत त्याच्यापुढे मी लाल पेनाने फुली मारली. तिसऱ्या वर्षी पहिलं पिवळं फळ दिसलं की झाड उपटायचं आणि बांधावर टाकायचं. शाळेत असताना मागच्या बाकावर बसवलेली मुलं मला आता आठवतात. तेव्हा आठवली नाहीत.

तीन वर्षांत माझी ओळ एकसारखी झाली. दिसायला देखणी. लोक रस्त्यावरून थांबून बघायचे.

पौडला भाजीपाल्याचं प्रदर्शन भरलं तेव्हा मी ती फळं पाटीत मांडून नेली. पाटीभोवती गर्दी झाली. एकाने ध्वनिक्षेपक माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "गुरुजी, हे बियाणं आलं कुठून?"

मी खोटं बोलायचं असं ठरवून गेलो नव्हतो. पण समोर ओळखीचे चेहरे होते, आमच्या भावकीतले, तालुक्याचे. हौसाबाईंचं नाव माझ्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. मी म्हणालो, "आईचं. आमच्या आईने सांभाळलेलं."

टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ. संध्याकाळच्या एसटीत शाल मांडीवर घेऊन बसलो होतो आणि ती टोचत होती. उद्या कुणालातरी खरं सांगू असं वाटलं. मग परवा. पुढे ते आपोआप खरं होत गेलं. लोकच मला माझ्या आईच्या हाताबद्दल सांगायला लागले. अश्विनी लग्न होऊन आली तेव्हा हीच गोष्ट तिला घरात मिळाली, आणि तिने ती चिठ्ठीवर छापली. तिचा काय दोष?

हौसाबाईंच्या कानावर गेलंच. आठवड्याने विहिरीवर भेटल्या.

"तुमची आई वर बसून हसत आसंल, गुरुजी. जलमात बेलवांगं शिवली न्हाई, आन् आता शाल मिळाली तिला."

मी हसलो. त्याही हसल्या. त्यांच्या हसण्यात राग होता का, ते मी पाहिलं नाही, घागर उचलण्याचं निमित्त करून वाकलो. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, चुकलो. विहिरीवर तिसरं माणूसही नव्हतं.

पुढच्या कार्तिकात, अशीच भातं निघाल्यावर, हौसाबाई आमच्या अंगणात आल्या. त्यांच्या घरावरची कौलं काढून पत्रे घातले होते. काम करणाऱ्यांनी कोनाडा साफ करताना राखेची बाटली कचरा म्हणून फेकली होती. त्या मधल्या वाटेने चालत आल्या होत्या, पायाला धूळ होती, आणि नेहमीप्रमाणे पायरीच्या खाली उभ्या होत्या.

"चिमूटभर बी द्या, गुरुजी. लावीन पुन्यांदा. त्यात पिवळं आसंल तर लई बरं. माझ्या मीनाच्या लेकराला निस्तं त्येच जातंय."

मी म्हणालो, "दिवे लागले की गं. आता कसं द्यायचं? उद्या ये."

त्यांनी तुळशीकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. बी पुडीत बांधून मी वस्तीवर जाऊ शकलो असतो. मीही गेलो नाही. दोन महिन्यांनी त्या मारुंजीला मुलीकडे, मीनाकडे, राहायला गेल्याचं कळलं. पायाने होत नव्हतं, घरी एकट्या होत्या. सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हणालो.

मी का असं वागलो याची उत्तरं मी इतक्या हिवाळ्यांत शोधली आहेत की आता ती झिजली आहेत. पिवळं माझ्याकडे उरलं नव्हतं. ते सांगायचं तर 'तुझं बी मी निवडून फेकलं' हे सांगावं लागलं असतं. आणि तांबडं द्यायचं तर 'हे तुझंच आहे' हे म्हणावं लागलं असतं, ज्याची मी शाल घेतली होती. दोन्हींपेक्षा दिवा सोपा होता.

माणूस थकतो तो कामाने नाही, असं मला हल्ली वाटतं. एक गोष्ट बाजूला ठेवून तिच्याभोवतीने चालत राहिलं की थकतो. मी वस्तीवरून जायचं टाळून नदीकडच्या वाटेने जायला लागलो, तो फेरा मैलभराचा. सात-आठ वर्षं मी तो घातला. त्या वाटेला आता शनिवार-रविवारच्या बंगल्यांची कुंपणं लागली आहेत आणि तिथले रखवालदार मला हिंदीत विचारतात, कहाँ जाना है. त्यांना काय सांगणार?

चिठ्ठीच्या त्या कागदावर मी दिवसभर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अश्विनीची, मागच्याच चिठ्ठ्यांची पाकिटं घेऊन टेम्पो निघाला, त्यात पुढे चालकाजवळ बसलो. सोबत पाच रोपं, मुळाशी माती ठेवून केळीच्या खोडाच्या सोपटात बांधलेली.

"बाबा, तुम्ही कुठे? दमाल."

"दमलेलाच आहे," मी म्हणालो.

मारुंजी मी पाहिली होती ती ज्वारीच्या शेतांची. आता इमारतीला इमारत लागून, खाली खानावळी, खोली भाड्याने देण्याच्या पाट्या, एकमेकींना खेटून दुचाक्या. मीनाचं घर तिसऱ्या मजल्यावर. उद्वाहक नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी पायरीवरच बसलो. कामावर निघालेली मुलं पाठीवर पिशव्या घेऊन माझ्या बाजूने उतरत होती, "सॉरी अंकल" म्हणत. मी रोपांना ऊन लागतंय का बघत होतो. परत फिरावं असंही वाटलं. खोटं कशाला लिहू?

मीना माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. आता कंपन्यांतल्या मुलांचे डबे करते. दार उघडलं तर तिच्या हाताला पीठ होतं. "गुरुजी? या, या. आई, बघ कोण आलंय."

हौसाबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. एका डोळ्यावर पांढरं पडलेलं. मी जवळ गेलो तसं त्यांनी मान वर केली.

"हाताला बेलवांग्याचा वास येतुया. गुरुजी हायेत व्हय?"

"हो. कशा आहात तुम्ही?"

"आता म्हातारपनी अहो-जाहो लावलं का? बसा. मीने, च्या टाक. का आत्ताच घिऊन आलाय?"

"नाही," मी म्हणालो. "घेणार आहे."

मीनाने सगळ्यांना सारखेच काचेचे पेले दिले. चहा फार गोड होता. तो मी संपवला. मग रोपं पुढे ठेवली. हौसाबाईंनी एकाचं पान चुरगाळून नाकाशी नेलं, मग बोटाने खोडाची लव पाहिली.

"तांबडं हाय ह्ये. मोठं व्हनारं."

"सगळी तांबडीच आहेत. पिवळं मी ठेवलं नाही. काळपट, गुलाबी, तीही ठेवली नाहीत. तुम्ही निवडू नका म्हणाला होता, मी निवडलं. आणि आईचं म्हणून सांगितलं."

"ते म्हाईत हाय."

"अजून एक आहे. तुम्ही बी मागायला आलात त्या संध्याकाळी..."

"दिवे लागले न्हवते," त्या म्हणाल्या.

डब्यांच्या भांड्यांचा आवाज थांबला. मीना ओट्यापाशी पाठमोरी उभी राहिली.

"म्या अंगनातच हुते की. तुमच्या तुळशीवर ऊन हुतं अजून. तुमी 'थांब जरा' म्हनून आत गेलात. काडी वडल्याचा आवाज आला. मंग भायेर येऊन म्हनलात, दिवे लागले." त्यांच्या बोलण्यात काही चढउतार नव्हता. "परतून जाताना वाटंत म्या डोळं पुसलं न्हाईत. हसू आलं मला. म्हनलं, येवढा शिकलेला मानूस, आन् चिमूटभर बियासाठी देवाम्होरं काडी वडतुया."

हेच मला सांगायचं होतं, आणि तेही त्यांनीच सांगितलं. हे कुणाला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो. पण ही तेव्हा माजघरात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली होती, "अंगणात ऊन आहे, दिवा कशाला लावलात?" मी तिला काहीतरी उत्तर दिलं. काय, ते आठवत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, पण त्या वर्षानंतर पिवळ्या टोमॅटोचा विषयही काढला नाही. म्हणजे दोन बायांना ठाऊक होतं, आणि मी त्या दोघींपासून ते सात-आठ वर्षं सांभाळत होतो.

"मला क्षमा..." मी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. हो नाही, नाहीही नाही. मग बराच वेळ रोपाशी चाळा करत राहिल्या. खालून कुठल्यातरी भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"किती रोपं हायेत घरी?"

"सव्वाशे असतील. चाळीस ठेवतो, बाकीची काढून टाकतो. बारकी, वाकडी."

"येक बी काढू नका औंदा. पिवळं येवढ्यात जात न्हाई. लपून ऱ्हातं. तांबड्याच्या पोटी कवातरी येतंय. पर तुमी बारकं म्हनून उपटताय, तर यील कुठनं?"

"आलं तर पहिलं फळ तुम्हाला आणून देईन."

"आनू नका." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "बी घरपोच करायचं नसतंय. मागाया मानसानं सोता जायाचं आसतं. म्या गेलेच हुते की. आता मीना यील. पिवळं धरलं की सांगावा धाडा."

"आई, मी कशाला..." मीना म्हणाली.

"जाशील. उजेडात जा." मग माझ्याकडे वळून, "आन् तुमी काडीपेटी लपवून ठिवा."

मीना हसली नाही. मी मान डोलावली. ती पाचही रोपं त्यांनी परत दिली. इथे ऊन येत नाही म्हणाल्या. मी उठलो तेव्हा मीनाने हात दिला. जिन्यापर्यंत आली आणि हळू म्हणाली, "त्या संध्याकाळी तिला ताप होता, गुरुजी. तशीच चालत आली होती तुमच्याकडं." तेवढंच बोलून ती आत गेली. डब्यांची वेळ झाली होती.

ते मला माहीत नव्हतं. आता आहे.

गेल्या चार दिवसांत सगळी रोपं लावून झाली. सव्वाशेच्या वर भरली. नेहमीचा अर्धा गुंठा पुरला नाही, म्हणून गोठ्याच्या भिंतीलगत, पायवाटेच्या कडेला, तुळशीच्या मागेसुद्धा लावली. वाकडी, बारकी, दोन पानांची, सगळी. अश्विनी म्हणाली, "यातली निम्मी मरतील." मरतील. करपाही येईल कदाचित. पौषापर्यंत काही कळणार नाही, आणि सगळी फळं तांबडी निघाली तर ती माझीच करणी असेल. पुढच्या वर्षी पुन्हा सगळी लावावी लागतील. माझ्याकडे पुढची वर्षं किती, ते मी मोजत नाही. वही मात्र बंबात घातली.

चिठ्ठीवर मी लिहून दिलं: 'हे बी हौसाबाईंचं. मुठा खोरं. याची आणखी भावंडं होती, ती माझ्या निवडीत गेली. वेगळं फळ धरलं तर झाड उपटू नका, कळवा.'

अश्विनीने ते दोनदा वाचलं. "मग पणजीचं?"

"पणजी टोमॅटो खात नव्हती."

तिने कागदाची घडी घातली. "मागच्या चिठ्ठ्यांची बरीच पाकिटं भरून ठेवलीत."

"सोलून काढू. मी बसतो."

ती माझ्यावर रागावली आहे, ते दिसतं. तिने माझ्या शब्दावर लोकांना सांगितलं होतं. संध्याकाळी मी पडवीत चिठ्ठ्या सोलत बसलो. नखांत डिंक जातो, कागद अर्धा फाटतो, पाठ भरून येते. समोर नुकती लावलेली रोपं माना टाकून होती. पहिले दोन दिवस ती तशीच असतात. डोंगरामागे ऊन गेलं होतं. नदीवर पांढरं धरायला लागलं होतं. वस्तीकडची वाट इथून पुरी दिसते. इतकी वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसायचो.

अश्विनी काडीपेटी घेऊन बाहेर आली. "बाबा, दिवा लावू का देवापाशी?"

"थांब थोडं," मी म्हणालो. "वाटेवरचं माणूस अजून ओळखू येतंय."